दश्शी, दुर्री आणि टेक्सासचा डॉली

सोबत फार काही घेऊ नका. डोक्याला बांधायला सुती दुपट्टा तेवढा घ्या. पैसे मात्र घरीच ठेवा, वाटेत लुटारू आहेत. उन्हाची धास्ती मी तुम्हाला घालणार नाही. दर्यापूरच्या बाजार समितीच्या आवारात जो वैशाखातल्या भर दुपारी उभा राहिला आहे, त्याला जगातलं कुठलंच ऊन नवं नसतं.

आपण एका पोकर खेळाडूला भेटायला चाललो आहोत. नाव डॉइल ब्रन्सन. पोकरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं पहिला आलेला माणूस. त्याचा खेळ कळायचा तर नुसतं वाचून भागत नाही. त्याच्या समोर बसावं लागतं, हातात पत्ते धरावे लागतात आणि कपाळावर घाम यावा लागतो. चला तर.

पहिला थांबा: धुऱ्यावर

पाय टेकले? तुम्ही एका वावराच्या धुऱ्यावर उभे आहात. समोर पऱ्हाटी, बोंडं उकललेली. वाळक्या पाल्याचा तोच कडवट वास, पायजम्याला चिकटणारा तोच कचरा. क्षणभर वाटेल, आपण येवद्याच्या रस्त्यावरच आहोत. खाली बघा, म्हणजे फरक कळेल. माती काळी नाही, तांबूस आहे. आणि वेचणारे कापूस ओटीत घेत नाहीत. खांद्याला अडकवलेली दोन पुरुष लांब पिशवी ते तासातून ओढत चालले आहेत. पिशवी भरत जाते तशी जड होते आणि पुढचा माणूस वाकत जातो.

हे टेक्सासमधलं लाँगवर्थ. चाळिसाचं दशक संपत आलंय. इतकं लहान गाव की पळायला निघालं तर दोन श्वासांत संपतं. दूर कुठेतरी जिनाची घरघर चालू आहे. हवेत रुईचे तंतू तरंगताहेत, नाकात शिरताहेत. शिंकून घ्या. याच घटकेला तिकडे आपली शकुंतला आगगाडी कापसाच्या गाठी घेऊन मूर्तिजापूरच्या दिशेने वाफा सोडत निघाली असेल. दोन्हीकडचा शेतकरी सारखाच आभाळाकडे बघतो आहे.

आता रस्त्यावरून सरका. धुळीचा लोट येतोय आणि लोटाच्या पुढे एक उंच, काटक पोरगा पळतोय. गाव लहान, म्हणून तो शेजारच्या गावापर्यंत पळत जातो आणि पळतच परत येतो. हाच डॉइल. त्याचा जीव बास्केटबॉलमध्ये आहे. पळणं फक्त दम टिकावा म्हणून. तरी 1950 साली टेक्सासच्या शालेय स्पर्धेत मैलभराची शर्यत तो 4 मिनिटं 43 सेकंदांत जिंकतो. पुढे हार्डिन-सिमन्स विद्यापीठात तो असा खेळतो की मिनिॲपोलिस लेकर्ससारखा व्यावसायिक संघ त्याच्यावर डोळा ठेवून असतो.

मग एका उन्हाळ्यात तो जिप्समच्या कारखान्यात कामाला लागतो. पांढरी भुकटी, घशाला कोरड, पाट्यांच्या थप्प्या. एक थप्पी कलंडते आणि सगळा भार त्याच्या पायावर येतो. त्या आवाजाजवळ आपण थांबायला नको. दोन वर्षं पाय प्लास्टरमध्ये राहिला, बास्केटबॉल कायमचा गेला आणि पुढे जन्मभर कुबडीची गरज पडत राहिली.

पळणाऱ्या माणसाला बसावं लागलं. वसतिगृहात बसल्या बसल्या तो पूर्वीपेक्षा जास्त पत्ते खेळू लागला आणि त्याच्या लक्षात आलं की इतरांना जे अवघड वाटतं ते आपल्याला सोपं जातंय. शिक्षणाचा खर्च त्यातून निघू लागला. शिक्षण मात्र त्याने सोडलं नाही. 1955 साली शैक्षणिक प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली. ऑफिसातली यंत्रं विकण्याची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी एका ठिकाणी विक्रीला गेला तर तिथे पत्ते चालले होते. बसला. तीन तासांच्या आत महिन्याच्या पगाराहून जास्त कमाई झाली. नोकरी फार दिवस टिकली नाही, हे सांगायला नकोच.

दुसरा थांबा: जिना चढून वर

नाकाला दुपट्टा लावा. हे फोर्ट वर्थ. इथे टेक्सासभरातून गुरं येतात आणि इथेच कापली जातात. शेण, रक्त, ओलं गवत, रेल्वेच्या इंजिनाचा धूर, सगळं उन्हात एकत्र शिजतंय. रस्त्याचं नाव एक्स्चेंज अव्हेन्यू. खाली दारूचे गुत्ते, वर बंद खिडक्यांच्या खोल्या. खेळ बेकायदा आहे, म्हणून दार वाजवल्यावर आधी फट उघडते, मग डोळा दिसतो, मग आत घेतात.

आत दिवस नाही, रात्र नाही. एक दिवा, त्याखाली धुराचा थर. सिगारची राख बशीतून टेबलावर सांडली आहे. घामाने ओले झालेले शर्ट पाठीला चिकटलेत. कुणाच्या कमरेला काय खोचलंय ते बघू नका. बसा त्या रिकाम्या खुर्चीवर. समोर टोपीखाली जो धिप्पाड, शांत चेहऱ्याचा तरुण बसलाय आणि ज्याची कुबडी भिंतीला टेकवलेली आहे, तो आपला माणूस.

तीन पत्ती येते ना? मग अर्धं काम झालं. इथे तीनऐवजी दोनच पत्ते पालथे मिळतात. मग मधोमध पाच पत्ते उघडे पडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक. हे पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच मिळून जे सात होतात, त्यांतून ज्याचे पाच सरस ठरतील तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला चाल असते आणि चालीला मर्यादा नसते. समोर जेवढं असेल तेवढं सगळं, कुठल्याही क्षणी, मध्ये ढकलता येतं. या खेळाला टेक्सास होल्डेम म्हणतात.

पत्ते पिसले, वाटले. तुम्हाला राजा आणि नव्वी. बरे आहेत. तुमच्या आधी ब्रन्सन चाल वाढवतो. तुम्ही त्याच्याकडे बघता. चेहऱ्यावर काही नाही. नव्वीवर एवढे पैसे कशाला घालवायचे, असं म्हणून तुम्ही पॅक करता. मधली लहानशी रास तो ओढून घेतो.

दुसरा डाव. राणी आणि दश्शी. तो पुन्हा वाढवतो. तुम्ही पुन्हा पॅक. तिसऱ्या डावाला तुम्ही हिय्या करून मधले तीन पत्ते बघता. त्यांत तुमच्या कामाचं काही नसतं आणि तुम्ही काही बोलायच्या आत त्याची चाल आलेली असते. पॅक. एकेका डावात थोडे थोडेच जाताहेत, पण जाताहेत. तासाभराने तुमच्या पुढ्यातली रास अर्धी झालेली दिसते आणि एकही मोठा डाव हरल्याचं तुम्हाला आठवत नाही. त्याच्या बोटांत चिप्स मात्र सुपात ज्वारी पाखडल्यासारख्या खळखळताहेत.

आणि मग येतात. कोपरा उचलून बघा: एक्का. दुसरा कोपरा: एक्का. कानात रक्त वाजायला लागतं. तुम्ही जोरात चाल करता. तो थोडा विचार करतो आणि तेवढेच टाकतो. मध्ये पडतात राजा, नव्वी, छक्की. घाबरण्याजोगं काही नाही. तुम्ही पुन्हा जोरात. आणि तो दोन्ही हातांनी आपल्या पुढ्यातलं सगळंच्या सगळं मध्ये ढकलतो.

खोली गप्प. आता बोलायची पाळी तुमची.

नव्व्यांची तिकडी असेल का त्याच्याकडे? राजा-नव्वी असेल? की नुसता दम देतोय? घसा कोरडा पडलाय, हातातल्या एक्क्यांच्या कडा ओल्या झाल्यात. तुमच्याकडे जगातला सगळ्यात चांगला जोड आहे आणि तरी घाम तुम्हालाच फुटलाय. त्याच्या हातात आहेत सत्ती आणि अठ्ठी. त्याला दश्शी किंवा पंजी आली तर सिक्वेन्स लागतो आणि पत्ते अजून दोन यायचे आहेत. म्हणजे तुम्ही पैसे टाकलेत तरी साधारण तिनात एकदा तो जिंकणार. पॅक केलंत तर तो आत्ताच जिंकला. त्याला दोन वाटा आहेत, तुम्हाला एकच, आणि तीही अंधारातली.

मग तो हरला तर? हरू द्या. या डावात त्याने लावलेले पैसे कुठून आले होते ते आठवा. तासभर तुम्ही पॅक करून करून जे थोडे थोडे सोडून दिलेत, तेच आज तुमच्यासमोर उभे आहेत. हे त्याच्या खेळाचं मर्म. इतर लोक ज्या लहान राशींकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्या तो सतत उचलत राहतो, म्हणून मोठ्या डावात कमी शक्यता घेऊन उतरणं त्याला परवडतं. एकाच रंगाचे सलग लहान पत्ते त्याला आवडतात, कारण ते लागले तर समोरच्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. एक डाव जिंकला की पुढच्यातही तो उतरतोच. हात चालू असताना थांबायचं नाही, हे त्याचं धोरण. बघणाऱ्याला हा बेदरकारपणा वाटतो. खुर्चीवर बसलेल्याला कळतं की प्रश्न नेहमी तो विचारतोय आणि उत्तर नेहमी आपल्याला द्यावं लागतंय.

आणखी एक गोष्ट बघून घ्या, मग उठू. या डावात त्याने पत्ते फेकून दिलेत. खेळाशी त्याचा आता संबंध नाही. बाकीचे पॅक केलेले लोक ग्लास उचलताहेत, जांभया देताहेत, गुरांच्या भावाच्या गप्पा मारताहेत. ब्रन्सन मात्र खेळणाऱ्या दोघांकडे टक लावून आहे. कोण पत्ते पुन्हा पुन्हा बघतो, कोणाचा श्वास कधी चढतो, कोण खरे पत्ते असताना बडबडतो आणि खोटे असताना गप्प होतो. पैसे न घालता तो शिकतो आहे.

तिसरा थांबा: गाडीच्या मागच्या बाकावर

सरकून बसा, जागा कमी आहे. पुढे ब्रन्सन, अमॅरिलो स्लिम आणि सेलर रॉबर्ट्स हे तिघं दोस्त. पैसे एका थैलीत, जिंकलं तरी तिघांचं, हरलं तरी तिघांचं. टेक्सासच्या गावागावांतून, जिथे जिथे मोठा खेळ असल्याची कुणकुण लागेल तिथे गाडी जाते. खिडक्या उघड्या, आत येतो तो गरम फुफाटा. सीटचं आवरण मांड्यांना चिकटतंय. स्लिम अखंड बोलतोय.

खेळात हरण्याची भीती या लोकांना कमी असते. जास्त भीती असते जिंकून पैसे बाहेर काढण्याची. खेळ बेकायदा, त्यामुळे लुटलं तर पोलिसांत कुणी जात नाही, आणि हे लुटणाऱ्यांना ठाऊक असतं. ब्रन्सनवर अनेकदा पिस्तुलं रोखली गेली, त्याला लुटलं गेलं, मारहाण झाली. आता कळलं पैसे घरी ठेवा असं का म्हटलं?

हे तिघं पहिल्यांदा मोठ्या उमेदीने लास व्हेगासला गेले तेव्हा सहा आकड्यांची रक्कम, म्हणजे थैलीतलं जवळजवळ सगळं घालवून आले. सहाएक वर्षांची भागीदारी तिथे मोडली, दोस्ती मोडली नाही. 1962 साली ब्रन्सनचं लग्न झालं आणि त्याच वर्षी त्याला कर्करोगाचं निदान झालं. डॉक्टरांना फारशी आशा नव्हती. तो बरा झाला. पुढे तो पुन्हा टेबलावर बसला तेव्हा समोरच्याच्या मोठ्या चालीची भीती त्याला किती वाटली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

चौथा थांबा: घोड्याच्या नालेखाली

मे 1976, लास व्हेगास, फ्रीमाँट स्ट्रीट. डांबर बुटाच्या तळव्यातून पोळतंय. वाळवंटातलं ऊन तुमच्या अकोल्याच्या उन्हाशी बरोबरी करणारं. दार ढकला आणि एकदम अंगावर गारवा येईल, त्यापाठोपाठ आवाज. नाण्यांच्या यंत्रांचे दांडे खाली ओढले जाताहेत, पत्र्याच्या खणात नाणी कोसळताहेत, कुणीतरी किंचाळतंय, कुणीतरी देवाला हाक मारतंय. सिगारेट, तळलेलं मांस, स्वस्त अत्तर. हा बिनियन्स हॉर्सशू. मालक बेनी बिनियन, तोही टेक्सासचाच. काचेमागे घोड्याच्या भल्या मोठ्या नालेच्या आकारात दहा दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा लावल्यात. त्यांच्यासमोर उभं राहून लोक फुकट फोटो काढून घेताहेत. तुमच्या तोंडून "काय बाप्पा!" निघेल, निघू द्या.

दोरीपर्यंत पुढे सरका. पायाच्या चवड्यांवर उभे राहा. पोकरची ती सगळ्यात मोठी स्पर्धा इथेच चालू आहे. 22 खेळाडू प्रत्येकी 10 हजार डॉलर घालून बसले होते. नियम असा की जिंकेल त्याला सगळे, 2 लाख 20 हजार. दुसऱ्याला काही नाही. आता दोघं उरलेत: डॉइल ब्रन्सन आणि जेसी आल्टो. एखादा मोठा डाव गेला की आल्टो चिडतो, अशी त्याची ख्याती आहे, आणि माणसं वाचणाऱ्यासमोर चिडणं महागात पडतं.

पत्ते वाटले. आल्टोला एक्का-गुलाम, तो चाल वाढवतो. ब्रन्सनला इस्पिकची दश्शी आणि इस्पिकची दुर्री. कुठलाही शहाणा माणूस हे पत्ते फेकून देईल. ब्रन्सन पैसे टाकतो.

मध्ये तीन पत्ते: एक्का, गुलाम, दश्शी. आल्टोचे दोन जोड झाले. ब्रन्सनचा एकच, दश्शीचा. पैसे पडतात. चौथा पत्ता: दुर्री. आता ब्रन्सनचेही दोन जोड, आणि सगळं मध्ये ढकललं जातं. आल्टो मागे हटत नाही. पत्ते उलटे होतात आणि दोरीजवळ हुंकार उठतो, कारण आल्टो पुढे आहे. गड्डीत न दिसलेले 44 पत्ते आहेत. त्यांतले फक्त चार ब्रन्सनला वाचवू शकतात: दोन दश्श्या, दोन दुर्र्या.

तुमच्या शेजारचा माणूस श्वास रोखून उभा आहे. त्याचं कोपर तुमच्या बरगडीत रुततंय. शेवटचा पत्ता पडतो.

दश्शी.

तीन दश्श्या, दोन दुर्र्या, फुल हाउस. गर्दी पुढे लोटते, टोप्या उडतात. कुबडीचा माणूस शांतपणे उठतो.

हा पत्ता नशिबाचा होता, आणि तसं म्हणण्यात ब्रन्सनचा काही अपमान होत नाही. चार पत्ते 44 मध्ये म्हणजे अकरात एक. पण लगेच पुढच्या वर्षी याच दोरीशी येऊन उभे राहा. या वेळी 34 खेळाडू, बक्षीस 3 लाख 40 हजार डॉलर, समोर बोन्स म्हणून ओळखला जाणारा गॅरी बर्लँड. ब्रन्सनच्या हातात पुन्हा दश्शी-दुर्री. बर्लँडकडे अठ्ठी-पंजी. मध्ये दश्शी, अठ्ठी, पंजी. चौथी दुर्री. पैसे मध्ये जातात. शेवटचा पत्ता पुन्हा दश्शी आणि पुन्हा तेच फुल हाउस. पण फरक बघा. गेल्या वर्षी पैसे गेले तेव्हा तो मागे होता. या वेळी दुर्री पडताच त्याचे दोन जोड वरचढ झाले होते, शेवटची दश्शी आली नसती तरी बहुधा तोच जिंकला असता. नशीब एकदा मदतीला आलं. दुसऱ्यांदा त्याचा खेळ आधीच पुढे गेला होता. त्या दोन पत्त्यांना तेव्हापासून जगभर डॉइल ब्रन्सन याच नावाने ओळखतात. त्याला स्वतःला मात्र लोक टेक्सास डॉली म्हणत.

परतीची वाट

परत निघण्याआधी एका टेबलाशी थांबू. यावर पत्ते नाहीत, कागद आहेत. सत्तरचं दशक संपता संपता ब्रन्सन आपला सगळा खेळ लिहून काढतो. प्रत्येक प्रकारासाठी त्या त्या प्रकारातला वाकबगार खेळाडू गाठतो. मर्यादा नसलेल्या होल्डेमचा भाग स्वतः लिहितो. लहान राशी का उचलायच्या, सलग पत्ते का खेळायचे, सगळं मोकळेपणाने सांगून टाकतो. सुपर सिस्टम या नावाने गाजलेल्या या पुस्तकाची किंमत 100 डॉलर होती. लोकांनी ते घेतलं, घोकलं आणि त्याच्याच समोर येऊन बसले. पुस्तकातून मिळालं त्याहून जास्त गेलं, असं तो पुढे सांगायचा. 1980 साली हॉर्सशूमधल्या त्याच स्पर्धेच्या अंतिम डावात स्टू अंगर नावाच्या पोराने त्याला हरवलं. तरी वयाच्या 71 व्या वर्षी, 2005 मध्ये, त्याने याच स्पर्धामालिकेत विजेत्याला मिळणारं कडं दहाव्यांदा मनगटावर चढवलं. 2023 च्या मे महिन्यात, 89 व्या वर्षी तो गेला.

पत्त्यांपायी घरं बसलेली तुम्हीही पाहिली आहेत, मीही. दागिने, वावर, बैलजोडी, सगळं गेलेली माणसं आपल्याच गल्लीत राहतात. ब्रन्सनसुद्धा खिसा रिकामा होऊन टेबलावरून उठला आहे. त्याच्यासारखे पैसे लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण त्याची एक सवय अशी आहे की तिला पैसा लागत नाही आणि ती दुकानात, बाजारात, सोयरिकीच्या बैठकीत, सगळीकडे चालते. येत्या दिवाळीत गच्चीवर शेंगदाणे लावून तीन पत्तीचा डाव बसेल. पत्ते वाईट आले की बिनधास्त पॅक करा. फक्त पॅक केल्यावर मोबाइल काढू नका. मोठा काका ब्लाइंड खेळताना मिशीला हात कधी लावतो, भाचा शो मागण्याआधी कुणाकडे बघतो, वहिनी चांगले पत्ते आले की चहा का विचारते, ते बघत बसा. पुढच्या डावाचे पैसे, नाहीतर शेंगदाणे, तिथेच मिळवलेले असतात.